तुझा जायचा

शाळा सकाळची झाली आणि आमच्या घरातल्या दुपारी एकदम लांबल्या. थोरली सात वर्षांची, धाकटा चार. बाराच्या सुमारास दोघं घरात येतात, साडेबाराला जेवण उरकतं आणि मग संध्याकाळच्या साडेपाचपर्यंत पाच तासांचा ओसाड माळ समोर पसरलेला असतो. त्या माळावर आई एकटी. आम्ही नवरा-बायको आपापल्या ऑफिसात. दुपारी मोबाइल द्यायचा नाही असं आम्ही ठरवलंय. म्हणजे ठरवलं आम्ही, पाळते आई.

मार्चमधल्या एका रविवारी सोफ्याच्या पाठीवरून खाली उड्या मारायचा कार्यक्रम जोरात चालू असताना माझ्या तोंडून ते वाक्य गेलंच. "आमच्या लहानपणी उन्हाळा कसा मजेत जायचा!"

आई लसूण सोलत बसली होती. मान वर न करता म्हणाली, "तुझा जायचा."

स्वयंपाकघरात बायको हसली. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू येईल इतपत.

मी जुन्या नाशकात वाढलो. तिवंध्याच्या जवळ आमचा वाडा होता. नऊ बिऱ्हाडं आणि सगळ्यांत मिळून एक गच्ची. फाल्गुन सरला की त्या गच्चीचे वार लागायचे. सोमवार एका घराचा, मंगळवार दुसऱ्याचा, आणि कुणाच्या पापडांना ऊन कमी पडलं तर त्यावरून वाड्यात दोन दिवस अबोला. आमचा वार आला की मी आणि शेजारची दोन पोरं पहाटेपासून गच्चीवर. हातात काठी, डोक्याला ओला रुमाल, आणि समोर जुन्या साड्यांवर ओळीनं मांडलेल्या कुरडया. कावळा आला की ओरडायचं, नाही आला तरी ओरडायचं. अधूनमधून कडेची अर्धी वाळलेली कुरडई उचलून खायची. बाहेरून कडक, आतून चिवट, खारट. आणि या सगळ्याच्या आधी, सूर्य उगवायच्या वेळेला, बशीत वाढलेला गरम चीक, म्हणजे कुरडयांसाठी शिजवलेलं गव्हाचं सत्त्व. त्यावर शेंगदाण्याचं तेल आणि लाल तिखट. वाड्यातली काही घरं चिकात दूध-साखर घालायची. त्यांच्याविषयी माझं मत तेव्हाही बरं नव्हतं.

हे सगळं मी त्या रविवारी मुलांना रंगवून सांगितलं. दोघांनी उड्या थांबवल्या हे विशेष. थोरलीनं विचारलं, "मग आपण का नाही करत?"

"करू या की यंदा," मी म्हणालो.

"करू या म्हणजे कोण?" आईनं विचारलं. तिचे गुडघे चार वर्षांपूर्वीच संपावर गेलेत. शेवटची कुरडई तिनं घातली त्याला दहा वर्षं झाली. त्यानंतर आम्ही बचत गटाच्या स्टॉलवरून पाकिटं आणतो. ती चांगली असतात, भाव वाजवी असतो आणि ती केल्याचं पुण्य कुणाच्या तरी पदरात पडतं. याहून शहाणपणाची व्यवस्था नाही, हे मला आजही मान्य आहे.

बायको बाहेर आली. "हे बघ, गहू तू भिजव, पाणी तू बदल, पहाटे तू ऊठ. मी सोऱ्या दाबायला येईन. आई खुर्चीवर बसून फक्त सांगतील. हात लावायचा नाही हं आई तुम्ही."

आईनं लसणीचं ताट खाली ठेवलं. "मी कशाला हात लावते? मला तर आठवलं तरी मनगटं दुखतात."

असं ते ठरलं.

*

पहिली अडचण सोऱ्याची. आईचा सोऱ्या पितळी, माळ्यावरच्या पिंपात सापडला. पण त्याची शेवेची चकती हरवलेली. चकलीची होती, गाठ्यांची होती, कुरडईला लागते ती नव्हती. म्हणून बुधवारी ऑफिसातून लवकर निघालो, दोघांना घेतलं आणि भांडी बाजारात गेलो.

गाडी लांब लावून तिवंध्यावरून चालत निघालो. रंगपंचमी होऊन पंधरवडाही झाला नव्हता. नाशकात खरा रंग धुळवडीला नाही, रंगपंचमीला. आणि जुन्या नाशकाचा खरा रंग म्हणजे रहाड. पेशव्यांच्या काळातले हे दगडी हौद वर्षभर जमिनीखाली पुरलेले असतात. वर्षातून एकदा उघडायचे, रंगानं भरायचे, त्यात धपाधप उड्या मारायच्या आणि मग पुन्हा लाकडी ओंडके टाकून वरून माती लोटून बुजवून टाकायचे. वर्षभर त्यावरून रिक्षा जातात. थोरली चौकात नेमक्या त्या जागी उभी राहिली, पायानं जमीन चाचपली आणि म्हणाली, "इथंच होती ना?" तिचा विश्वास बसत नव्हता. धाकट्याची शंका जास्त व्यवहारी होती. "खाली अजून रंग आहे?"

रहाडीतल्या उडीला आमच्याकडे धप्पा म्हणतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

भांडी बाजारातल्या दुकानदारानं चकती मागितल्याबरोबर विचारलं, "सोऱ्या आणलाय? मापाशिवाय चकती देत नाही. लोक नेतात आणि परत आणतात." पिशवीतून सोऱ्या काढून दिला. त्यानं तो हातात घेऊन नुसता तोलला. "जुना आहे. असलं वजन आता नाही मिळत." मग खालच्या खणातून चकत्यांचा डबा काढला आणि एकेक चकती बसवून, फिरवून, कानाशी नेऊन बघू लागला. कानाशी का, हे मला अजून कळलेलं नाही. चौथी बसली. नको ठरलेली एक चकती थोरलीनं उचलली, डोळ्याला लावली आणि रस्त्याकडे बघत राहिली. "बाबा, खूप सारे बाजार दिसतायत. छोटे छोटे." मीही डोळा लावून पाहिला. प्रत्येक भोकात एक हंडा, एक स्कूटर आणि एक अर्धी बाई. दुकानदार म्हणाला, "ती राहू द्या तिच्याकडे, तशीही जोडी फुटलेली आहे." वीस मिनिटांत एका चकतीची खरेदी आणि एक खेळणं फुकट. मॉलमध्ये इतका वेळ दोघं कधीच गप्प बसली नव्हती.

तिथून घाट दोन पावलांवर, आणि बुधवार असल्यानं गोदाकाठी आठवडे बाजार भरलेला. नवी चिंच, लाल मिरचीचे ढीग, पहिल्या कैऱ्या, उन्हाळ कांद्याची नुकती काढलेली पात, आणि पाट्यांत सुटे द्राक्षमणी. घडातून गळालेले हे मणी अर्ध्याहून कमी भावात मिळतात आणि चवीला घडातल्यांपेक्षा गोड असतात, कारण पिकले म्हणूनच ते गळाले. नाशिककर असून मी घडाचे पैसे मोजत नाही. एक किलो मणी घेतले. धाकट्याला अजून ते उभे चिरून द्यावे लागतात, त्यामुळे त्याला घरी जाईपर्यंत धीर धरायला सांगितला. तो त्यानं रसवंतीच्या दारात सोडला. चरकाला बांधलेल्या घुंगरांच्या नादात त्यानं अर्धा ग्लास रस प्यायला आणि उरलेला शर्टाला पाजला.

नदीला पाणी बेताचं होतं. दुतोंड्या मारुती पायथ्यापर्यंत कोरडा. हा मारुती म्हणजे नाशिकची पूर मोजायची पट्टी. पावसाळ्यात धरणातून पाणी सुटलं की शहरभर एकच चौकशी असते, पाणी कुठवर आलं? त्याचं उत्तर फुटांत नसतं. मारुतीच्या गुडघ्याला लागलं, कमरेला लागलं, छातीला लागलं, हीच आमची मापं. १९६९ चा पूर पाहिलेली माणसं अजून त्या पाण्याविषयी बोलताना आवाज खाली घेतात. पलीकडे नारोशंकराच्या देवळाची घंटा. पाणी तिला लागलं म्हणजे मोठा पूर, असं आमच्या आजोबांचं गणित. थोरलीला मी हे सगळं सांगितलं. नदी त्र्यंबकला ब्रह्मगिरीवर उगम पावते आणि १,४६५ किलोमीटर चालत जाऊन बंगालच्या उपसागराला मिळते, हेही सांगितलं. तिनं पाण्याकडे पाहिलं. त्यावर एक द्रोण तरंगत होता. "मग हा द्रोण पण जाणार?" मी म्हटलं, बघू. तो पुढच्या पायरीला अडकला.

धाकटा मात्र मारुतीभोवती फिरत होता. एकदा या तोंडासमोर उभा राहिला, मग वळसा घालून त्या तोंडासमोर. तिसऱ्या फेरीला थांबून माझ्याकडे तक्रार घेऊन आला.

"बाबा, याला मागूनच नाहीये."

"मग?"

"मग लपाछपीत याला धप्पा कसा द्यायचा?"

मला उत्तर सुचलं नाही. एवढ्या वर्षांत त्या मूर्तीसमोरून मी किती वेळा गेलो असेन. पाणी कुठवर येईल याचाच विचार केला. तिच्यावर राज्य आलं तर काय, हा प्रश्न कधी पडला नव्हता.

*

गहू भिजवणं हे काम दिसतं तितकं सोपं नाही, पण मुलांच्या दृष्टीनं फार चांगलं आहे, कारण त्यात रोज काहीतरी होतं. दोन किलो लोकवन. आईनं आकडा ऐकून नाक मुरडलं. "दोन किलो? आम्ही पायलीनं करायचो." पहिल्या दिवशी गहू पाण्यात नुसते पडून असतात. दुसऱ्या दिवशी टरारतात आणि पाण्यावर बुडबुडे येतात. रोज पाणी बदलायचं, नाहीतर वास धरतात. तसा तो थोडा धरतातच, कारण गहू आंबूनच मऊ होतो आणि त्याचं सत्त्व टरफलाला सोडतं. तिसऱ्या दिवशी दाणा चिमटीत धरून दाबला की पांढरं दूध बाहेर येतं. थोरलीला हे आईनं एकदा दाखवलं. त्यानंतर दुपारचे अडीच तास ती आणि धाकटा पातेल्याशी बसून एकेक दाणा दाबत होते. "गव्हाची गाय," असं त्याचं नाव धाकट्यानं ठेवलं. आईनं मला ऑफिसात फोन करून सांगितलं, "आज मला डुलकी मिळाली." या संपूर्ण उपद्व्यापातला तो तिचा पहिला फायदा.

त्याच दिवशी समोरच्या काकूंनी दार वाजवलं. "तुमच्याकडं ड्रेनेज तुंबलंय का हो?" कुरडयांचे गहू म्हटल्यावर त्यांचा चेहरा पालटला. "अगंबाई! मग मला वाटीभर चीक ठेवा हं."

शुक्रवारी रात्री मिक्सरमधून काढून, पाणी घालून, पिळून, कापडातून दोनदा गाळून पातेलं झाकून ठेवलं. चोथा कोपऱ्यावरच्या गाईला. गच्चीची किल्ली सोसायटीच्या सेक्रेटरींकडून आणली. ती देताना त्यांनी तीन अटी घातल्या. सोलरच्या पाइपांना धक्का नको, फरशीला डाग नकोत, लहान मुलं एकटी नकोत. तिन्ही रास्त होत्या. त्यांतल्या दोन आम्ही पाळल्या.

शनिवारी पहाटे साडेचार. नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटरवर, त्यामुळे चैत्रातसुद्धा पहाटे अंगावर काहीतरी घ्यावंसं वाटतं. दुपारी हेच शहर भाजून काढतं, ते वेगळं. पातेल्यावरचं पिवळट पाणी हलक्या हातानं ओतून दिलं. तळाशी चीक बसला होता. पांढरा शुभ्र, आणि इतका घट्ट की हात घातला तर रुतेल आणि काढायला गेलं तर ओघळेल. वाटीनं मोजला. जितका चीक तितकं पाणी. आधणात मीठ, हिंग. आई दाराशी खुर्ची टाकून बसली होती, हात मांडीवर बांधून.

"धार बारीक सोड. आणि हाटत राहा. थांबायचं नाही."

मी धार सोडली.

"बारीक."

मी आणखी बारीक केली.

"अरे बारीक! आणि हात कुठं थांबला?"

चीक आधणात पडल्याबरोबर आळतो. एका क्षणी ते दूध असतं आणि दुसऱ्या क्षणी चाटूला लोंबकळणारा गोळा. एका हातानं धार आणि दुसऱ्या हातानं हाटणं हे दोन माणसांचं काम आहे. बायकोनं धार घेतली, मी दोन्ही हातांनी चाटू धरला. तळ खरवडत, कड सोडवत, गोल आणि मग आडवं. दहाव्या मिनिटाला दंड भरून आले. पंधराव्या मिनिटाला मी आईकडे पाहिलं. तिनं नजर खिडकीबाहेर वळवली. गाठी झाल्याच. वाफ आणून झाकण काढलं तेव्हा चीक काचेसारखा चकाकत होता आणि त्यात बोराएवढ्या पांढऱ्या गाठी. बायको म्हणाली, "छान आहे, ठिपक्यांचा."

मुलं तोवर उठून आली होती. बशा मांडल्या. थोरलीनं तेल-तिखट घेतलं, पहिला घास, डोळे मोठे. माझी छाती फुगली. धाकट्यानं चाखला, विचार केला आणि म्हणाला, "यात साखर घाल." दूध-साखरवाल्यांचा एक माणूस माझ्याच घरात निघाला.

*

चीक गरम असेपर्यंतच सोऱ्यातून उतरतो. गार झाला की हट्टाला पेटतो. म्हणून धावपळ. खालून पातेलं वर, वर प्लास्टिक अंथरलेलं, पूर्वेकडे पांडवलेण्यांच्या डोंगराची कड नुकती उजळायला लागलेली. नाही, चुकलो, आमच्या गच्चीवरून लेणी दक्षिणेला आहेत. सांगायचं म्हणजे मी त्या वेळी दिशा बघण्याच्या स्थितीत नव्हतो. सोऱ्यात गोळा भरायचा, दट्ट्या तळहाताखाली घ्यायचा, सगळं वजन टाकायचं आणि त्याच वेळी हात गोल फिरवायचा. शेवटाला वळण घेऊन शेव तोडायची. पहिली कुरडई नकाशासारखी झाली. दुसरी पण. बायकोचा हात पाचव्या-सहाव्या कुरडईला बसला. माझा सोऱ्या मात्र गाठींनी अडत होता. भोकात गाठ बसली की दट्ट्या पुढं जात नाही, चकती काढा, टोचा, बसवा. चाळीस कुरडया झाल्यावर उजव्या तळहाताच्या मधोमध फोड आला. सत्तराव्या वेळी तो फुटला.

खाली आलो तर आईनं काही न बोलता वाटीत हळद-तेल कोमट केलं आणि माझा हात ओढून घेतला. आणि तो वास आला.

लहानपणी उन्हाळ्यात आईच्या हाताला हळदीचा वास यायचा. ती जवळ घ्यायची, डोक्यावरून हात फिरवायची तेव्हा केसांना लागून राहायचा. फक्त उन्हाळ्यात. मी तो उन्हाळ्याचाच वास समजत होतो. जशी कैरी येते, जशी मोगऱ्याची फुलं येतात, तसा आईच्या हाताला हळदीचा वास येतो. बेचाळीस वर्षांचा झालो, दोन मुलांचा बाप झालो, आणि त्या वासाचं कारण मला माझ्याच तळहातावर कळलं.

मी आठवून पाहिलं. गच्ची आठवते, काठी आठवते, बशी आठवते. बशी पुढं करणारा हात आठवतो, त्यातल्या दोन बांगड्या आठवतात. पण त्या हाताच्या वर, चेहऱ्याच्या जागी, काहीच येत नाही. पायलीभर गहू, वाड्यातली चूल, पहाटे तीनपासून. आणि नंतर माणसांचा स्वयंपाक वेगळाच. आठवणीच्या चित्रात मी एवढ्या जवळून काढलेला आहे की तिला जागाच उरली नाही.

हे मी तिला बोललो नाही. ती म्हणाली, "दुसऱ्या हातालाही लाव. उद्या तो दुखेल." तसंच झालं.

*

वाळवणाची राखण हे काम मुलांनी मनापासून घेतलं. कावळे आता कमी. शत्रू बदललाय, कबुतरं आहेत, आणि ती ओरडण्याला भीक घालत नाहीत. थोरलीनं पितळी चकती सुतळीला बांधून गरगरा फिरवायचा उपाय शोधला. तिच्या चकाकीला ती बिचकतात. सकाळी दहापर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर मुलं वर, मधल्या रणरणत्या वेळात मी. कधीतरी मलाही राखण करायचीच होती.

संध्याकाळी अपघात झाला. गेल्या वर्षी एकादशीला आम्ही मुलांना श्रीरामाचा रथ दाखवला होता. काळारामाच्या देवळातून रथ निघतो तेव्हा मानाचे बुवा रथाकडे तोंड करून, म्हणजे उलटे चालतात. लोक दोर ओढतात, रथ पुढं येतो आणि बुवा हात जोडून मागं मागं. मुलांच्या मनात देव, रथ, गर्दी यांतलं फारसं काही उरलं नाही. उलटं चालणं तेवढं घट्ट बसलं. महिनाभर दोघं घरात तशीच फिरत होती. त्या संध्याकाळी त्याची उजळणी झाली. रिकामा खोका रथ, त्यात बसवलेला कापडी हत्ती, दोर ओढायला थोरली, आणि बुवा धाकटा. बुवा हात जोडून अतिशय भक्तिभावानं मागं मागं येत आले आणि कुरडयांच्या तिसऱ्या ओळीवर बसले.

ओल्या कुरडईवर माणूस बसला की आवाज येत नाही. रडण्याचा आला. त्याला वाटलं, आता बाबा ओरडणार. बाबांना ओरडायची फार इच्छा होती. सत्तरावर दोन कुरडया आणि त्यातल्या सहांवर चड्डीच्या शिवणीचा स्वच्छ ठसा. बायको म्हणाली, "त्या वेगळ्या ठेवू. पाहुण्यांना नको." त्या सहा अजून वेगळ्या डब्यात आहेत आणि धाकटा येणाऱ्या प्रत्येकाला तो डबा उघडून दाखवतो.

रविवारी दुपारी तीनला पश्चिमेकडून ढग आले. या दिवसांत नाशकात ढग दिसला की शहरातली माणसं गार वारा सुटला म्हणून खूश होतात आणि दिंडोरी-निफाडकडची माणसं अंगणात येऊन उभी राहतात. ज्यांची द्राक्षं अजून वेलीवर आहेत, कांदा काढून शेतात पडलाय, त्यांच्या वर्षाचा हिशेब तासाभरात होऊ शकतो. माझ्या ऑफिसातल्या एका मित्राची बाग आहे. मी प्लास्टिकची कड धरून धावत होतो आणि खिशात त्याचा फोन वाजत होता. चार कोपरे चौघांनी धरले, वरात जिन्यातून खाली. दहा-बारा टपोरे थेंब पडले, जिन्यात मातीचा वास भरला, आणि संपलं. मित्राला फोन केला. तिकडेही नुसता वारा. "गार पडली नाही," एवढंच म्हणाला आणि दोघंही थोडा वेळ काही बोललो नाही. मग त्यानं विचारलं, "तू का धापा टाकतोयस?" कुरडया म्हणायची मला लाज वाटली.

ऊन परत आलं. पावणेपाचला मुलं आईचा हात धरून तिला वर घेऊन आली. चार मजले लिफ्ट, शेवटच्या चौदा पायऱ्या पायी, प्रत्येक पायरीवर थांबत. कुरडया उलटायच्या होत्या आणि ते काम आम्हाला कोणालाच धड येत नव्हतं. तिनं पाण्याच्या टाकीच्या कट्ट्यावर बैठक मारली, परात मांडीवर घेतली आणि एकेक कुरडई बोटांनी अशी सोडवली की एक शेवसुद्धा मोडली नाही. थोरली शेजारी बसून बघत होती.

"आजी, तू लहान असताना उन्हाळ्यात काय करायचीस?"

"राखण," आई म्हणाली. तिचं माहेर सटाण्याकडचं. तिकडे घराच्या मातीच्या सपाट छताला धाबं म्हणतात आणि अक्षय्य तृतीयेला आखाजी. "धाब्यावर. आम्ही चार बहिणी. आखाजीच्या आधी आठ दिवस नुसती राखण. कावळ्यापेक्षा आम्हीच जास्त खायचो."

"चीक पण?"

"चीक तर काय! मी पातेल्यातला तळाचा खरवडून घ्यायची. खरपूस असायचा. त्यावरून भांडणं व्हायची."

"मज्जा यायची?"

"यायची तर. माझा उन्हाळा फार मजेत—"

आणि ती थांबली. हातातली कुरडई हातातच राहिली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी टाकीच्या पाइपाकडे बघत होतो.

"तुझी आई काय करायची तेव्हा?" थोरलीनं विचारलं.

आईनं ती कुरडई परातीत ठेवली. पदरानं कपाळ पुसलं.

"तेच आठवतेय," ती म्हणाली. तेवढ्यात धाकटा ओरडला, कबुतर आलं होतं, आणि तिनं शेजारची काठी उचलून फरशीवर दणकन आपटली.